उतरविलेले अलंकार

चित्रकाराने महिनोन्महिने खपून एखादे भित्तिचित्र रंगवावे आणि त्या घरात राहावयास आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी त्यावर चुना फासावा, असा प्रकार स्पर्धात्मक व्हिडिओ गेमच्या जगात रोज घडत असतो. खेळ रचणारे कलावंत भिंतींवर गंज चढवितात, पाण्यात आकाश उतरवितात, झाडांच्या सावल्या हलवितात; आणि स्पर्धेस उतरणारा खेळाडू सेटिंग्जच्या यादीत जाऊन हे सारे वैभव एकेक करून खालच्या पायरीवर आणून ठेवतो. त्याचे यंत्र दुबळे असते म्हणून नव्हे. कित्येकदा ते अत्यंत महागडे असते. त्याला जिंकावयाचे असते, एवढेच. या कृतीला अरसिकता म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सोप्या निर्णयाविषयी टीकाकाराने थोडे साशंक असावे, हे बरे.

उदाहरणादाखल १९९९ च्या डिसेंबरात आलेला ‘क्वेक थ्री अरीना’ घेऊ. इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने रचलेल्या या खेळातील कित्येक रणांगणे गॉथिक धर्तीची आहेत: दगडी कमानी, गंजलेले लोखंड, मशालींचा तांबूस उजेड. याच खेळात ‘पिकमिप’ नावाची एक आज्ञा आहे. तिचा आकडा एकेकाने वाढवीत नेला की पृष्ठभागांवरील चित्रांची लांबी-रुंदी दर वेळी निम्मी होते. आकडा पाचावर नेल्यावर दगडाचा दगडपणा निघून जातो आणि भिंतींच्या जागी पुसट रंगाचे पडदे तेवढे उरतात. पुढे स्पर्धकांसाठी निघालेल्या सुधारित आवृत्त्यांत प्रतिस्पर्ध्याला भडक हिरवा रंग देण्याचीही सोय झाली. फिकट पडद्यावर हिरवी आकृती हलली की डोळ्याला शोध घ्यावाच लागत नाही. शिवाय हलके झालेले चित्र यंत्राला अधिक वेगाने पुन्हा रेखाटता येते. सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील तर एकेका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. २४० उमटत असतील तर सुमारे ४.२. ज्या द्वंद्वाचा निकाल निमिषार्धात लागतो, तेथे हे अंतर क्षुल्लक नव्हे.

याला कलेचा अपमान म्हणणाऱ्यांनी बुद्धिबळाच्या पटाकडे पाहावे. हस्तिदंती, नक्षीदार सोंगट्या काचेच्या कपाटात शोभतात. स्पर्धेत मात्र १८४९ साली इंग्लंडात नोंदविलेल्या स्टॉन्टन घडणीच्या साध्या सोंगट्याच चालतात, कारण त्या पाहताक्षणी ओळखू येतात. क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाजाच्या पाठीमागे साइटस्क्रीन उभा करतात, तोही प्रेक्षकांची गर्दी झाकून चेंडू उठून दिसावा म्हणूनच. क्रीडेची दृष्टी ही विहाराची दृष्टी नव्हे. खेळाडूला पाहावयाचे असते ते कृतीसाठी. जे कृतीला उपयोगी नाही ते त्याच्या नजरेने बाजूला सारणे स्वाभाविक आहे.

येथवर खेळाडूचा पक्ष निर्विवाद वाटतो. परंतु साइटस्क्रीनच्या दृष्टान्तातच त्याचे उत्तरही दडलेले आहे. साइटस्क्रीन दोन्ही संघांच्या फलंदाजांसाठी सारखाच असतो. एकाला स्वच्छ पांढरा पडदा आणि दुसऱ्याला हलती गर्दी, असा न्याय कोणताही पंच करणार नाही.

चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा ‘अर्मा २’ हा युद्धाचा खेळ २००९ साली आला. त्यात भूप्रदेशाचा तपशील अगदी खालच्या पायरीवर नेला की जमिनीवरचे गवत नाहीसे होते. आता कल्पना करा: एक खेळाडू सारे वैभव राखून गवतात पोटावर पडून राहिला आहे. श्वास रोखून, आपण दिसत नाही या विश्वासाने. दुसऱ्याच्या पडद्यावर मात्र गवत नाहीच. तेथे उघड्या माळावर एक माणूस पडलेला आहे. दोघे एकाच मैदानात नाहीत. पहिल्याचा पराभव त्याच्या चुकीमुळे होत नाही; त्याने रचनाकाराच्या शब्दावर विश्वास ठेवला, म्हणून होतो. गवताने आसरा देण्याचे वचन दिले होते आणि ते वचन दुसऱ्याने परस्पर रद्द केले.

या पायऱ्या मुळात कोणासाठी आहेत, हेही येथे आठवले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने महाविद्यालयीन दिवसांत तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या संगणकावर हे खेळ खेळले आहेत. तेथे सारे काही खालच्या पायरीवरच असे, कारण त्याहून अधिक त्या यंत्राला पेलत नसे. पाण्यात आकाश दिसते म्हणतात, ते एकदा तरी दिसावे अशी त्या वेळी इच्छा असे. दुबळ्या यंत्राच्या मालकालाही खेळात जागा मिळावी म्हणून ठेवलेली ही सवलत आहे. ती समर्थाने लाभासाठी घ्यावी, यात नियमाचा भंग नसेलही. पण सवलतीचा हेतू तेथे उलटा होतो.

मग खेळाडू सौंदर्याचा वैरी ठरतो काय? तसेही नाही. २०२३ साली व्हॉल्व्ह कंपनीचा ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला, तेव्हा एक मौजेची गोष्ट दिसून आली. इतर तपशील निर्दयपणे उतरविणारे खेळाडू सावल्या मात्र राखू लागले. कारण कोपऱ्याआड उभा असलेला शत्रू दिसण्यापूर्वी त्याची सावली जमिनीवर दिसू शकते. म्हणजे जी शोभा बोलते, ती खेळाडूने टाकली नाही. जी नुसती लेवविलेली होती, तीच टाकली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अलंकारांना हाराची उपमा दिली आणि गुणांना शौर्याची. हार काढून ठेवता येतो, शौर्य काढून ठेवता येत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक २’ मधील सावली ही शौर्याच्या जातीची आहे; ‘क्वेक’मधील भिंतीवरचा गंज हा हार होता.

या भेदातून रचनाकाराची जबाबदारी निश्चित होते. ज्यावर जयपराजय अवलंबून आहे, ते गवत असो, धुके असो की सावली, ते सर्वांच्या पडद्यावर सारखेच असले पाहिजे. गरिबाच्या यंत्रावर ते ओबडधोबड दिसेल, पण नाहीसे होता कामा नये. बाकीचे खुशाल ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे. आसरा देणारे गवत हाराप्रमाणे काढता येण्याजोगे ठेवणे, हा रचनेतील दोष होय, आणि त्याचा ठपका खेळाडूच्या रसिकतेवर ठेवणे अन्यायाचे आहे.

तरीही एक खंत उरते. मोठ्या स्पर्धांचे प्रक्षेपण सहसा स्वतंत्र यंत्रांवरून, पूर्ण वैभवानिशी होते. घरी बसलेला प्रेक्षक गंजलेले लोखंड आणि पाण्यातले आकाश पाहत असतो. आणि ज्याने त्या जगात सहस्रावधी तास घालविले, ज्याला त्याचा प्रत्येक कोपरा अंधारातही सापडेल, त्याच्यासमोर फिक्या भिंती असतात. त्या जगाचे सर्वाधिक ज्ञान त्याला आहे आणि दर्शन सर्वांत कमी. स्पर्धा संपल्यावर एखाद्या संध्याकाळी त्याने सारे आकडे पुन्हा वर न्यावेत आणि कोणालाही न मारता त्या कमानींखालून एकदा हिंडून यावे. ज्या घरात तो इतकी वर्षे राहिला, ते घर कसे आहे, हे त्याला तेव्हा प्रथमच दिसेल.