साठविलेले ऊन आणि स्वयंपाकाची क्रियापदे

सूर्यास्तानंतरच्या स्वयंपाकासाठी उन्हाची उष्णता साठवून ठेवण्याचा प्रश्न हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु या विषयावरील लेखन बारकाईने वाचले असता त्यातील एक महत्त्वाची उणीव पदार्थविज्ञानाची नसून भाषेची आहे, असे दिसून येते. ‘स्वयंपाक’ या एका शब्दाखाली ज्या अनेक क्रिया दडलेल्या आहेत, त्यांची फोड न करताच ‘स्वयंपाक करता येतो’ असा निष्कर्ष काढला जातो. या निष्कर्षाची छाननी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या विचाराचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. मुंबई उच्च न्यायालयातील एक अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी सूर्याची उष्णता हे उष्ण देशांत इंधनाची जागा घेऊ शकेल, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ १८७८ साली मुंबईत प्रसिद्ध केला. त्यांच्या अष्टकोनी, आरसे लावलेल्या यंत्रात सात सैनिकांचे अन्न जानेवारी महिन्यात दोन तासांत शिजले, अशी नोंद आहे. परंतु ऊन आहे तोवरच असे यंत्र चालणार, ही त्याची मर्यादा होती. १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तयार केलेल्या परावर्तक चुलीलाही हीच मर्यादा होती. तिचा प्रसार झाला नाही, याची कारणे अनेक सांगितली जातात. परंतु उघड्यावर, भर दुपारी, आरसा फिरवीत उभे राहावे लागणे आणि घरातील मुख्य जेवण मात्र दिवेलागणीनंतर असणे, ही विसंगती त्यांत प्रमुख मानावी लागेल.

ही विसंगती प्रथम ज्यांनी प्रत्यक्षात दूर केली त्यांत अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीली ॲबट यांचा उल्लेख अवश्य करावयास हवा. माउंट विल्सन येथे १९२० च्या आसपास त्यांनी पन्हळीच्या आकाराच्या आरशाने तेल तापवून ते आवेष्टित टाकीत साठविले आणि टाकीतच भट्ट्या बसविल्या. त्यामुळे रात्रीही अन्न तयार करता येई. येथे साठवणूक ही यंत्राला मागाहून जोडलेली सोय नव्हती. यंत्राची रचनाच तीवर आधारलेली होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. ‘साठा’ हा शब्द मराठीत धान्याच्या अनुषंगाने घडला आहे. कणगीतील पायलीभर ज्वारी सकाळी काढली काय किंवा रात्री काढली काय, ती पायलीभरच राहते. उष्णतेचे तसे नाही. एक साधे उदाहरण घेता येईल. दोन किलो अन्न-पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ५८५ किलोज्यूल उष्णता लागते. पाच लिटर पाणी ३० वरून ६० अंशांपर्यंत तापविले, तर त्यात सुमारे ६२५ किलोज्यूल उष्णता साठते. हिशेबाने साठा गरजेपेक्षा अधिक आहे. परंतु त्या पाण्याने स्नान होईल, भात होणार नाही. तेव्हा उष्णता किती साठविली हा प्रश्न अपुरा असून ती किती अंशांवर साठविली हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

आणि अंशांचा प्रश्न येताच क्रियापदांचा प्रश्न येतो. शिजविणे व उकडणे या क्रिया शंभर अंशांच्या आसपास होतात. प्रेशर कुकर पूर्ण दाबाला सुमारे १२० अंशांवर काम करतो. फोडणीचे व तळणीचे तेल दीडशे अंशांच्या वर जावे लागते, आणि भाकरी भाजण्याचा तवा दोनशेच्या आसपास असावा लागतो. इंग्रजीतील एकाच व्यापक क्रियापदाच्या भाषांतरातून आलेले ‘सौर स्वयंपाक’ हे पद या सर्व पायऱ्या पुसून टाकते.

याचा परिणाम संशोधनाच्या मूल्यमापनावर होतो. पाणी, तेल, दगड यांत उष्णता साठविण्यापेक्षा वितळणाऱ्या पदार्थात ती साठविणे आटोपशीर ठरते. वर सांगितलेल्या ५८५ किलोज्यूलसाठी १५० वरून १०५ अंशांपर्यंत निवणारे तेल साडेसहा किलो लागेल, दगड सुमारे पंधरा किलो लागेल, तर ११८ अंशांच्या आसपास वितळणारा एरिथ्रिटॉल हा पदार्थ पावणेदोन किलोच पुरेल. हानी जमेस धरता हे सर्व आकडे बरेच वाढतील. इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातील संशोधकांनी १९९७ पासून अशा पदार्थांवर केलेले प्रयोग या क्षेत्रात महत्त्वाचे आहेत. त्यांत प्रारंभी कमी तापमानास वितळणारे पदार्थ होते. पुढे ८२ अंशांवर वितळणारे ॲसिटामाइड आणि नंतर सुमारे ११८ अंशांवर वितळणारे ॲसिटॅनिलाइड आले. ही चढती वाट योग्यच होय. परंतु ११८ अंशांवरील साठ्याने वरण-भात होईल, भाकरी होणार नाही. ज्या घरात रात्रीचे जेवण म्हणजे भाकरी, त्या घरात चूल पुन्हा पेटवावीच लागेल. आणि चूल पेटली म्हणजे सरपण आले, धूर आला आणि तो सोसणारी स्त्रीही आली. ‘संध्याकाळचा स्वयंपाक शक्य झाला’ हे वाक्य प्रयोगशाळेत खरे ठरूनही तिच्या घरी खोटे ठरते.

परिभाषेतही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वितळताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेला मराठीत ‘अप्रकट’ व ‘सुप्त’ अशी दोन विशेषणे लावली जातात. तापमापकावर जी दिसत नाही ती अप्रकट, म्हणून हे विशेषण अधिक नेमके आहे. तथापि एरिथ्रिटॉलसारखे पदार्थ आपल्या वितळणबिंदूच्या बरेच खाली जाऊनही गोठत नाहीत आणि साठविलेली उष्णता वेळेवर सोडत नाहीत. या अडचणीचे वर्णन ‘सुप्त’ हा शब्द अनपेक्षितपणे यथार्थ करतो: निजलेली उष्णता जागी करावी लागते.

यावर असा आक्षेप संभवतो की, दुपारी शिजविलेले अन्न आवेष्टित पेटीत ठेवले तर साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही. भात-वरणापुरता हा आक्षेप मान्य करावा लागेल, आणि तो स्वस्तही आहे. परंतु मराठीत ‘ऊन’ या शब्दाने सूर्यप्रकाश व गरमपणा हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. ऊन राहिलेला भात चालतो, पण ऊन राहिलेली भाकरी ही तव्यावरची भाकरी नव्हे.

वस्तुतः जुन्या चुलीच्या शब्दसंपत्तीत या प्रश्नाचे उत्तर सूचित झालेले आहे. पुढे जाळावर तवा, मागे वैलावर भाताचे भांडे, खाली भुभळीत रताळी, आणि रात्री राखेखाली झाकलेला निखारा: एकाच विस्तवाच्या या चार प्रती होत, आणि प्रत्येकीला वेगळे काम नेमून दिलेले आहे. २०२२ साली इंडियन ऑइलने पुढे आणलेल्या ‘सूर्य नूतन’ या शेगडीत उन्हापासून मिळविलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने साठविली जाते. तिच्या जाहीर वर्णनात उकडणे, वाफविणे, तळणे व पोळ्या करणे या क्रिया पृथक्पणे नोंदविल्या होत्या. तो दावा व्यवहारात कितपत उतरतो हा स्वतंत्र परीक्षणाचा विषय आहे; परंतु दावा मांडण्याची रीत योग्य आहे.

तात्पर्य, या विषयावरील प्रत्येक अहवालाने दोन गोष्टी एकत्र सांगाव्यात: साठा किती अंशांवर आहे, आणि त्या अंशांवर स्वयंपाकाचे कोणते क्रियापद सिद्ध होते. हे न सांगता केलेले यशाचे विधान अपुरे समजावे.