लाल विंचवाचे विष आणि अरेखित स्नायू : महाडच्या संशोधनाचे एक समीक्षण

प्रास्ताविक

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या विंचूदंशावरील संशोधनाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथन सुपरिचित आहे, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाल्यानंतर गौरवपर लेखांत आणखी भर पडली. त्यांचे जन्मगाव देहेड हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले. म्हणजे जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या वाचकासाठी ते शेजारच्या तालुक्यातलेच होत. या आपुलकीमुळेही असेल, परंतु या लेखनाचा सूर प्रायः एकच राहिला आहे : गरिबी, जिद्द, कोकणातील आरोग्य केंद्र आणि शेवटी 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निबंध. विष शरीरात नेमके काय करते, हा प्रश्न मात्र अशा लेखांत एखाद्या वाक्यात आटोपला जातो.

याच्या अगदी उलट स्थिती आपल्या वर्गखोल्यांत आहे. प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात आयन चॅनेल शिकवले जातात, स्नायूंचे आकुंचन शिकवले जाते. पण ते आकृतीत राहते. ती आकृती बांधावरचा दगड उचलताना हाताला डंख बसलेल्या माणसाच्या अंगात प्रत्यक्ष घडत असते, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. महाडचे निबंध अरेखित स्नायूच्या शरीरक्रियेचे निबंध म्हणून वाचावेत, तसे वाचल्यावरच त्यांचे बळ आणि त्यांच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. रक्तवाहिन्या, आतडे, श्वासनलिका यांच्या भिंतींतील स्नायूंना कुठे अपट्टकी, कुठे अरेखित, तर कुठे अनैच्छिक म्हटले जाते. 'अनैच्छिक' हा शब्द सर्वांत रुळलेला, पण सदोष. कारण हृदयाचा स्नायूही इच्छेबाहेरच चालतो. 'चॅनेल'साठी 'वाहिनी' वापरावे तर रक्तवाहिनीशी गल्लत होते. म्हणून येथे 'अरेखित स्नायू' आणि 'आयन मार्गिका' हे शब्द स्वीकारले आहेत.

आकुंचनाची दोन दारे

अरेखित स्नायूपेशीच्या आत विश्रांतीच्या वेळी कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट कमी असते. पेशीपटलावरील विद्युत्-विभव कमी ऋण झाला की 'एल' प्रकारच्या कॅल्शियम मार्गिका उघडतात, कॅल्शियम आत येते, कॅलमोड्युलिनशी जोडले जाते आणि त्यातून मायोसिनला चालना देणारे विकर कार्यान्वित होते. सांगाड्याच्या स्नायूत जे काम ट्रोपोनिन करते, ते येथे अशा आडवळणाने होते. म्हणूनच हे आकुंचन सावकाश होते आणि दीर्घकाळ टिकते.

परंतु पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात, आणि तेथे त्यांचे चुकते. नॉरॲड्रेनलिन हे स्नायूपेशीवरील अल्फा-१ ग्राहींना चिकटले की पेशीतील साठ्यातूनच कॅल्शियम सुटते. शिवाय तेवढ्याच कॅल्शियमला आकुंचनयंत्रणा अधिक प्रतिसाद देऊ लागते. विद्युत्-विभवात फारसा बदल न होताही आकुंचन घडू शकते, ही गोष्ट सोमल्यो दांपत्याने १९६८ मध्येच नोंदवली होती. मार्गिका हे आकुंचनाचे एक दार, ग्राही हे दुसरे. महाडच्या उपचारपद्धतीचा सारा अर्थ या दुसऱ्या दाराशी निगडित आहे.

महाडचे वाचन

लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने चेतातंतूंवरील सोडियम मार्गिकांना जखडतात. या मार्गिका उघडल्यानंतर क्षणार्धात मिटावयास हव्यात. विषामुळे हे मिटणे लांबते. परिणामी स्वायत्त चेतासंस्थेचे तंतू संदेश पाठवीतच राहतात. प्रथम ॲसिटिलकोलिनचा, मग नॉरॲड्रेनलिन-ॲड्रेनलिनचा पूर येतो. म्हणजे विषाचा हा मुख्य आघात अरेखित स्नायूवर थेट होत नाही. तो चेतातंतूंवर होतो, आणि स्नायू त्याचे फळ भोगतो.

बावस्कर यांचा १९८२ चा 'लॅन्सेट'मधील निबंध या दृष्टीने पाहावा. हृदयावरील संकटाची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी मांडली : उलट्या, दरदरून घाम, पुरुषांमध्ये शिस्नाची वेदनामय ताठरता, गार पडलेले हातपाय. ही यादी वरवर पाहता विस्कळीत वाटते. शरीरक्रियेच्या अंगाने पाहिल्यास तीत एक क्रम आहे. ताठरता म्हणजे त्या ठिकाणच्या रक्तवाहिन्यांचा अरेखित स्नायू सैल पडणे. गार हातपाय म्हणजे त्वचेच्या धमन्यांचा तोच स्नायू आवळणे. एकाच विषाने एका जागी शैथिल्य तर दुसऱ्या जागी आकुंचन घडते, कारण चेतातंतू वेगळे आणि ग्राही वेगळे. खाटेजवळ बसून केलेल्या निरीक्षणांतून हे उमगणे, ही त्या निबंधाची खरी गुणवत्ता होय. तो खेड्यातून लिहिला गेला, ही बाब त्यापुढे गौण आहे.

धमन्या आवळल्या की रक्तदाब चढतो, डाव्या जवनिकेवर भार पडतो, फुप्फुसांत पाणी साचते, आणि रुग्ण गुलाबी फेस टाकीत दगावतो. यावर १९८६ च्या निबंधात प्रॅझोसिनची योजना आहे. उच्च रक्तदाबावरील हे त्यापूर्वीच उपलब्ध असलेले औषध अल्फा-१ ग्राहींना रोखते. रचना सुबक आहे : पूर थोपवता येत नसेल तर ज्या दारातून तो स्नायूत शिरतो ते दार लावावे.

येथे दोन आक्षेप नोंदवणे भाग आहे. पहिला, मृत्युदराविषयीचा. प्रॅझोसिनपूर्व काळात पश्चिम भारतातील विंचूदंशाच्या रुग्णांत २५ ते ३० टक्के मृत्यू आणि त्यानंतर सुमारे १ टक्का, अशी तुलना बावस्कर यांच्या लेखनात वारंवार येते आणि वृत्तपत्रांनी ती जशीच्या तशी उचलली आहे. ही पूर्वी-नंतरची तुलना आहे, समांतर गटांची नव्हे. त्याच दशकांत रस्ते आले, वाहने आली, रुग्ण लवकर पोहोचू लागले, ॲट्रोपिनसारखी अपायकारक ठरू शकणारी औषधे मागे पडू लागली. प्रॅझोसिनचा वाटा मोठा असावा, असे यंत्रणाच सांगते. परंतु सगळी घट त्याच्याच नावे मांडणे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही. दुसरा आक्षेप 'उतारा' या शब्दाला आहे. प्रॅझोसिन विषाला स्पर्शही करीत नाही. सोडियम मार्गिका उघडीच राहते, चेतातंतू संदेश पाठवीतच राहतो. म्हणून तर औषधाची मात्रा ठरावीक तासांनी पुन्हा द्यावी लागते.

नावांचा घोळ

महाडबाहेर या विषाची एक दुसरीच कथा घडली. १९९० मध्ये अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांनी याच विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचे 'आयबेरिओटॉक्सिन' वेगळे केले. कॅल्शियममुळे उघडणाऱ्या मोठ्या पोटॅशियम मार्गिका ते निवडकपणे बंद करते. या मार्गिका धमनीच्या स्नायूला लगाम घालतात : आत कॅल्शियम वाढले की त्या उघडतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि स्नायू सैलावतो. १९९५ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले, की पेशीतील साठ्यातून पटलालगत उडणाऱ्या कॅल्शियमच्या ठिणग्या याच मार्गिका उघडतात. ज्या कॅल्शियमने स्नायू आवळतो, तेच योग्य जागी उसळले तर तो सैल करते. अरेखित स्नायूविषयीच्या या महत्त्वाच्या आकलनात आयबेरिओटॉक्सिन हे नेहमीचे हत्यार ठरले आहे.

हा संबंध सहसा ध्यानात येत नाही, कारण नावे जुळत नाहीत. मर्कच्या निबंधात प्राणी 'ब्यूथस टॅम्युलस' आहे, महाडच्या निबंधांत 'मेसोब्यूथस टॅम्युलस', आणि आजच्या वर्गीकरणात 'हॉटेंटोटा टॅम्युलस'. विषद्रव्याच्या नावात तर आयबेरिया आहे. कोकण कुठेच नाही. आपल्या ग्रंथालयांतही एक निबंध जैवरसायनशास्त्राच्या कपाटात, तर दुसरा वैद्यकाच्या, अशी विभागणी राहते.

मात्र या जोडणीत उतावळेपणा नको. विषात लगाम तोडणारे द्रव्य आहे, यावरून रुग्णाच्या धमन्या त्यामुळेच आवळतात असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत शुद्ध द्रव्य स्नायूच्या तुकड्यावर मोजून घातले जाते. डंखातून शिरणारे विष मिश्र असते आणि मात्रा अज्ञात असते. ॲड्रेनलिनच्या पुरापुढे या द्रव्याचा हिस्सा किती, हे खाटेजवळच्या निरीक्षणांतून वेगळे काढता येणारे नाही.

२०११ चा प्रयोग

गौरवलेख प्रायः प्रॅझोसिनपाशी संपतात. बावस्कर स्वतः तेथे थांबले नाहीत, ही त्यांच्या कामातील सर्वांत प्रशंसनीय बाब आहे. २०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी यादृच्छिक गटांची चाचणी प्रसिद्ध केली. ७० रुग्ण, प्रत्येक गटात ३५. प्रॅझोसिनसोबत लाल विंचवाची प्रतिविष लस दिलेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्रॅझोसिन दिलेल्यांपैकी ८. बरे होण्यास लागलेला सरासरी काळ ८ तास विरुद्ध १७.७ तास. स्नायूचे दार लावणे पुरेसे नाही, विषालाच रक्तात गाठले पाहिजे, हे यातून दिसते. आणि 'उतारा' या शब्दावरील वरील आक्षेपाला उत्तर येथे मूळ संशोधकांनीच दिले आहे.

चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. 'बरे झाला' हा निर्णय त्यांचाच असल्याने ही उणीव किरकोळ नव्हे. त्याहून महत्त्वाचे असे, की हृदय, श्वसन वा मेंदूवर परिणाम झालेले रुग्ण तीत घेतलेलेच नव्हते. सर्व रुग्ण दुसऱ्या श्रेणीचे होते. विष चेतातंतूंना घट्ट जखडण्यापूर्वी लस मिळाली तर लाभ होतो, इतकेच ही चाचणी सिद्ध करते. रात्री शेतात डंख बसलेला, आधी मांत्रिकाकडे नेलेला आणि पहाटे जालन्याच्या रुग्णालयात फेसाळत पोहोचलेला रुग्ण या ७० जणांत नाही. त्याला लसीने किती उपयोग होईल, याचे उत्तर या आकड्यांतून काढू नये.