ओळ कुठे संपते, कर्सर कुठे उभा असतो?

संगणकावर साधा मजकूर लिहिण्याच्या साधनाला एडिटर म्हणतात. स्मरणिकेच्या संपादकांशी त्याचे साम्य एवढेच, की लांबलचक ओळ दोघांनाही झेपत नाही. संपादक निदान काय कापले ते सांगतात. एडिटरने ते कुठे लपवले, हे आपणच शोधायचे!

नोटपॅड घ्या. 'वर्ड रॅप' बंद असेल तर लिहिता लिहिता ओळ खिडकीबाहेर जाते आणि आधीचे शब्द डावीकडे गडप होतात. मग माणूस टाइपरायटरच्या सवयीने कडेशी आला की एन्टर दाबतो. असा लेख स्मरणिकेच्या दोन रकान्यांत ओतला की प्रत्येक वाक्य अध्येमध्ये तुटते. गद्य जोडून घेता येते हो, पण मुक्तछंदातल्या कवितेचे काय? कोणता एन्टर कवीचा आणि कोणता खिडकीच्या कडेचा, हे ठरवायचे कसे? बरे, वर्ड रॅप चालू करावे तर ओळ-क्रमांक दाखवणारी खालची पट्टीच बंद पडायची. ही गैरसोय थेट २०१८ मध्ये, विंडोज १० च्या एका सुधारित आवृत्तीत दूर झाली. लिनक्सवरचा नॅनो तर याच्याही पुढे. २०१९ च्या ४.० आवृत्तीपर्यंत तो लांब ओळ न विचारता स्वतःच तोडून टाकी. दिसण्याची सोय करता करता मजकूर बदलणे, हा माझ्या मते एडिटरचा सर्वांत मोठा अपराध.

'व्हीआय' आणि त्याचा वारस 'व्हिम' मजकुराला हात लावत नाहीत. तिथे तक्रार कर्सरची. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो ८० घरांच्या पडद्यावर, प्रोग्रॅमसाठी. प्रोग्रॅमची ओळ आखूडच असते. ललित लेखाचा मात्र अख्खा परिच्छेद म्हणजे फाइलमधली एकच ओळ. व्हिममध्ये तो पडद्यावर सात ओळींत दिसतो, पण 'जे' दाबून खाली जावे तर कर्सर सातही ओळी ओलांडून पुढच्या परिच्छेदात! डोळ्याला दिसते त्या ओळीवर जायला आधी 'जी' दाबावा लागतो. व्हिमचे भक्त याला शिस्त म्हणतात. मी दुराग्रह म्हणेन. ईमॅक्सने २००९ च्या २३ व्या आवृत्तीत कर्सर दिसत्या ओळीनुसार हलवायला सुरुवात केली. जुन्यांची कुरकुर मानूनही तो निर्णय योग्यच वाटतो, कारण बाण दाबणारा माणूस पडद्याकडे बघत असतो, फाइलच्या पोटात नव्हे.

आता आपल्या देवनागरीकडे येऊ. खरी परीक्षा इथेच आहे. 'स्त्री' हे आपल्या लेखी एकच अक्षर. युनिकोडच्या हिशेबात सहा चिन्हे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. बाण एकदा दाबला तर कर्सरने कुठे जावे? अक्षराच्या पलीकडे, असे पहिलीतले पोरही सांगेल. काही एडिटरांत मात्र बाण दाबावा तर कर्सर जागचा हलत नाही. तो जोडाक्षराच्या आत कुठेतरी अदृश्य उभा असतो. तिथे एखादे अक्षर टंकले की जोडाक्षर फुटलेच. 'एक अक्षर' म्हणजे काय याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियमही 'स्त्री'चे तीन तुकडे करी. जोडाक्षर अखंड धरण्याची दुरुस्ती झाली २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. तोवर ज्यांनी अक्षर जपले, त्यांनी स्वतःच्या अकलेने जपले.

एका बाबतीत मात्र मी तुकड्यांच्या बाजूचा. बॅकस्पेसने अख्खे अक्षर न पुसता शेवटचे चिन्ह तेवढे पुसावे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यामुळे फक्त वेलांटी बदलता येते. बऱ्याच एडिटरांत बॅकस्पेस चिन्ह पुसतो आणि डिलीट अख्खे अक्षर. वरवर विसंगत वाटले तरी हातात बसले की हीच विभागणी सोयीची पडते.