‘नेटिव’ म्हणजे कालव

इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्डमध्ये ‘इंजिनीअर्स’ आलं की उत्तरात ‘आर-ई’ ही दोन अक्षरं घालायची. रॉयल इंजिनीअर्स, ब्रिटिश सैन्यातली एक शाखा. चार वर्षं इंजिनीअरिंग करूनही मला हे माहीत नव्हतं. खलाशी म्हणजे ‘ए-बी’ नाहीतर ‘टार’, शाळा म्हणजे बहुतेकदा ‘ईटन’ आणि ‘पॉश’ म्हणजे नुसतं ‘यू’. या ‘यू’ने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. १९५४ साली ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या वरच्या वर्गाच्या बोलीला ते नाव दिलं होतं. त्यावरचा वाद केव्हाच विझला, कोड्यात अक्षर तेवढं राहिलं.

क्लूची रचना मात्र देखणी असते. एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात अक्षरांची जुळणी, आणि दोन्ही वाटांनी उत्तर एकच यायला हवं. मी बनवलेला साधा नमुना: ‘इंजिनीअर्स फाइटिंग, गेटिंग रिस्पॉन्स (८)’. ‘आर-ई’ला ‘ॲक्शन’ जोडा, ‘रिॲक्शन’ मिळतं. रिस्पॉन्स हा त्याचा अर्थ. उत्तर बरोबर आहे की नाही हे क्लूच सांगतो, दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

ही शिस्त बसवण्यात मोठा वाटा ‘ऑब्झर्व्हर’साठी झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांचा. १९६६ साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. फसवा, पण न्यायाने फसवा, असा त्यांचा आग्रह. मला तो पटतो, पण अर्धाच. कारण हा न्याय क्लूच्या व्याकरणापुरता आहे. शब्द कुणाचे, कुठल्या घरातले, हा प्रश्न त्यात येतच नाही. मॅकनट शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत. सैन्य, चर्च आणि ईटन ज्याच्या कानावरून गेलंय असा वाचक त्यांनी गृहीत धरला असेल तर नवल नाही.

मी तर एक्सेलमध्ये तक्ताच केला. डावीकडे शब्द, उजवीकडे अक्षरं. दोनशे ओळी झाल्यावर लक्षात आलं की कोडी सुटताहेत, पण मजा येत नाहीये. मी फक्त ‘फाइंड अँड रिप्लेस’ करत होते. क्रिकेटचे शब्द आले की मात्र चित्र पालटायचं. ‘मेडन’ म्हणजे ‘एम’, ‘डक’ म्हणजे ‘ओ’, ‘लेग’ म्हणजे ‘ऑन’. यांना तक्ता कशाला? बिनधावेची ओव्हर गल्लीत पाहिलेली असते. क्लू वाचताना डोळ्यांसमोर तरुणी उभी राहते, मग अचानक स्कोअरबुक दिसतं आणि हसू फुटतं. फसायलासुद्धा शब्द आधी आपला असावा लागतो.

‘नेटिव’ पहिल्यांदा दिसला तेव्हा मी रागावायच्या तयारीत होते. निघालं कालव! ब्रिटनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ऑयस्टरला तिथे ‘नेटिव’ म्हणतात. ‘फ्लॉवर’ची गोष्ट वेगळी. ‘फ्लो’ करते ती ‘फ्लोअर’, स्पेलिंग तेच, म्हणून नदी. इथे कुळ-शाळा विचारत नाहीत, स्पेलिंगकडे नीट पाहिलं की झालं. माझ्या मते या कलेचा टिकाऊ भाग हा आहे.

‘गार्डियन’चे जॉन ग्रॅहम, टोपणनाव अरॉकेरिया, नियम सैल धरत. झिमेनीजपंथी त्यावरून नाकं मुरडत. हे गृहस्थ पेशाने पाद्री. जानेवारी २०१३मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या वर सूचना दिली: अरॉकेरियाला १८ उभा झालाय, १९मध्ये, आणि त्यावर १३-१५ चालू आहे. लोकांनी चौकोन भरले. कॅन्सर. ईसोफेगस, म्हणजे अन्ननलिका. पॅलिएटिव्ह केअर. त्याच नोव्हेंबरात ते गेले.

ते कोडं मी बऱ्याच वर्षांनी सोडवलं. ईसोफेगसचं ‘ओ’ने सुरू होणारं ब्रिटिश स्पेलिंग शाळेत जीवशास्त्राच्या परीक्षेसाठी घोकलेलं होतं. तक्ता उघडावा लागला नाही.