नृत्य शिकणाऱ्याची वही

नृत्य पुस्तकातून शिकता येत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्याला कोणी विरोध करीत नाही, आणि विरोध करण्याजोगे त्यात काही नाहीही. पोहणे जसे पाण्यात, तसे नाचणे जमिनीवर. परंतु या खऱ्या विधानातून आपण एक खोटा निष्कर्ष काढून बसलो आहोत: नृत्य शिकणाऱ्याला लिहिण्याचे कारण नाही. वस्तुतः वाचून शिकणे आणि शिकता शिकता लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी. पहिलीचा दोष आपण दुसरीच्या माथी मारला आहे. मला नाचता येत नाही. मी पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवितो आणि कादंबऱ्या लिहितो. तेव्हा मी जे बोलणार आहे, ते लिहिण्याच्या बाजूने.

लेखन नृत्यवर्गात मुळीच नाही असे नव्हे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आमच्याकडच्या मुली बसतात, आणि वरच्या परीक्षांना लेखी पेपर असतो. मुली त्यासाठी असंयुत हस्तांची नावे पाठ करतात, तालांच्या व्याख्या पाठ करतात, घराण्यांची वैशिष्ट्ये मुद्देसूद लिहितात. या उत्तरांत चूक सहसा नसते. त्यांतला दोष एवढाच, की ज्या मुलीने पायांत घुंगरू कधी बांधले नाहीत तिलाही ती लिहिता येतील. पताका हस्ताच्या व्याख्येत त्या मुलीचा हात कोठेही नसतो. आठवडाभर चक्कर घेताना तिचा तोल कोणत्या बाजूला गेला, गुरूंनी काय सांगितल्यावर तो सावरला, हे तिला ठाऊक असते. पण ते लिहायचे असते हे तिला कोणी सांगितलेले नसते.

शब्दाचे कथकला वावडे आहे असेही नाही. कथकमध्ये बोल नाचण्याआधी हातावर ताल धरून म्हणून दाखवायचा असतो; त्याला पढंत म्हणतात. जे तोंडाने नीट म्हणता येत नाही ते पायाने नीट निघत नाही, हा त्यामागचा अनुभव. पढंत ही एक प्रकारची तोंडी वहीच आहे. तिला कागदाची जोड दिली की काय होते, हे तिहाईच्या साध्या उदाहरणावरून पाहता येईल. तीनतालाच्या सोळा मात्रा. समेपासून एक तुकडा तीन वेळा घ्यायचा आणि त्याचा शेवटचा ठोका पुढच्या समेवर आणायचा. तुकडा पाच मात्रांचा असेल तर तीन पाचे पंधरा. परंतु पहिल्या समेपासून दुसरी सम मोजली तर ती सतरावी. मग दोन मात्रा कोठून आणायच्या? तीन तुकड्यांच्या मध्ये दोन जागा आहेत. तेथे एकेक मात्रा थांबायचे. या थांबण्याला दम म्हणतात, आणि अशा तिहाईला दमदार. वर्गात मुलगी गुरूंकडे पाहून थांबते आणि बरोबर थांबते. पण एकदा तिने सतरा रेघा कागदावर ओढून पाहिल्या, की ती का थांबते हे तिला कळते. त्या दिवसापासून तिहाई तिची होते. उद्या सात मात्रांच्या रूपकात तिहाई बसवायची वेळ आली तर ती दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणार नाही.

मराठीत या गोष्टीचा मोठा दाखला रोहिणी भाटे यांचा आहे. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या; १९४७ साली पुण्यात त्यांनी नृत्यभारती सुरू केली. त्यांच्या नर्तनाबद्दल आणि शिष्यपरंपरेबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्या लेखिका होत्या, हे मात्र पुरवणीदाखल सांगितले जाते. ‘माझी नृत्यसाधना’ आणि ‘लहजा’ ही पुस्तके त्यांची. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’कडे कथकच्या नजरेने पाहणारी ‘कथक दर्पण दीपिका’ त्यांची. इसाडोरा डंकनचे आत्मचरित्र ‘मी इसाडोरा’ म्हणून मराठीत आणले तेही त्यांनीच. एक संस्कृत ग्रंथ, एका परदेशी नर्तिकेचे जीवन आणि स्वतःची साधना, या तिन्हींना एकाच बाईने मराठी गद्यात जागा दिली. मला हा छंद वाटत नाही. परंपरेने हाती दिलेले तपासून घेण्याची ही रीत आहे, आणि तपासायचे तर ते आधी डोळ्यांसमोर मांडावे लागते. आपण त्यांच्या बंदिशी पुढे नेल्या, ही सवय मात्र तितक्या निष्ठेने नेली नाही.

लेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ राज्य केले. त्यांच्या मराठी नृत्यरचना, म्हणजे निरूपणे, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या. पुढे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून त्या भरतनाट्यमच्या रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या नाचून दाखविल्या. कागदाने साहित्य राखले म्हणूनच हे घडले. पण अंगाची हालचाल पार्वतीकुमारांना नव्याने बसवावी लागली. राजाच्या दरबारात त्या रचना शिकणाऱ्या नर्तकीने ‘येथे मला असे सांगितले’ अशी चार वाक्ये लिहून ठेवली असती, तर आज त्यांचे मोल काय झाले असते! रचनाकाराचे लिखाण टिकले; शिकणारीचे झालेच नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला घरचाच आहे. आमच्या भागातल्या आगरी-कोळी लग्नांत हळदीच्या रात्री जे नाच होतात, ते कोणत्या वहीतून आले? कोणत्याच नाही, आणि ते अस्सल आहेत. पण तेथे मूल पाळण्यातून उतरल्यापासून दर लग्नसराईत तोच नाच पाहते. चुकले तर आत्या-मावश्या जागच्या जागी सुधारतात. तेथे सारा पाडाच वही असतो. वर्गातली मुलगी आठवड्यातून दोनदा तासभर येते आणि मधल्या दिवसांत तिच्याभोवती कथक कोठेही नसते. ती पोकळी कशाने तरी भरायला हवी.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. आता सगळे चित्रित होते, मग लिहायचे कशाला? चित्रफीत उपयोगी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती पाय पडला एवढेच दाखविते. तो का पडला आणि कसा पडायला हवा होता, हे सांगत नाही. शिवाय चित्रफीत पाहून मुलगी नक्कल करते, आणि वाक्य लिहिताना तिला विचार करावा लागतो. नकलेने हात सुबक होईल. तो कोठून निघाला हे त्याला कळणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि तिच्यासाठी पैसे लागत नाहीत. आपल्या शाळांतून हस्तलिखिते काढण्याची जुनी चाल आहे. प्रत्येक नृत्यवर्गाने तशी एक फिरती वही ठेवावी. दर तासाला एकीने तारीख घालून लिहावे: आज काय शिकलो, कोठे अडले, काय सांगितल्यावर सुटले. पुढच्या मुलीने ते वाचून आपले लिहावे, पटले नाही तर तसेही लिहावे. गुरूंनी आठवड्यातून एकदा समासात दोन ओळी घालाव्यात. शुद्धलेखन तपासू नये. ते काम आम्ही मराठीचे शिक्षक करू. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ गुरुशिष्यांच्या संवादातून मराठीत मांडली, पण त्यातला शिष्य गुरूनेच कल्पिलेला आहे. या वहीतले प्रश्न खऱ्या शिष्यांचे असतील.

पुष्कळ मुलींचे नृत्य दहावीच्या वर्षी सुटते, आणि बहुतेकींचे पुन्हा सुरू होत नाही. घुंगरू कपाटात जातात, बोल विसरतात, आणि सात-आठ वर्षे शरीराने जे कमावले ते प्रमाणपत्राखेरीज कोठेच उरत नाही. नर्तिका सगळ्या होणार नाहीत, आणि व्हायलाच हवे असेही नाही. परंतु चांगला प्रेक्षकही शिक्षणातूनच घडतो. जिने एकदा दमाची ती एक मात्रा कागदावर मोजली आहे, ती चाळीस वर्षांनी प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसली तरी समेवर तिची मान बरोबर हलेल. तेवढी एक वही घालायला आपल्याला काय हरकत आहे?