मोगॅम्बोचे गाव कोणते?

'मिस्टर इंडिया' मे १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम-जावेद, नायक अनिल कपूर, नायिका श्रीदेवी. एका शास्त्रज्ञाने माणसाला अदृश्य करणारे यंत्र शोधलेले असते, ते त्याच्या मुलाच्या हाती येते आणि तो देश वाचवतो, अशी ही विज्ञानकथा. चार दशके होत आली. कर्जतच्या आठवडे बाजारात आज कुणालाही विचारा, नायकाचे कथेतले नाव त्याला आठवणार नाही. खलनायकाचे मात्र चटकन आठवेल. पत्त्यांचा डाव जिंकला, पोरगा दहावी पास झाला, ऊसतोडीची उचल हातात पडली की माणूस छाती फुगवतो आणि मोगॅम्बो खूश झाल्याचे हिंदीत जाहीर करतो. १९८७ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता, ती पोरेही हेच करतात.

आपल्या समीक्षेने या प्रेमाकडे ढुंकून पाहिले नाही. कविता, आत्मकथन, फार तर नाटक, इथवर आपली नजर. सिनेमा म्हणजे प्रस्थापितांनी लोकांना पाजलेली अफू, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण आपल्या वस्तीत पुस्तक पोचण्याच्या कितीतरी आधी जत्रेतला तंबू पोचला होता. ज्या गोष्टीवर आपली माणसे इतकी वर्षे प्रेम करतात, तिची झाडाझडती घेण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

कर्जतच्या माणसाला या चित्रपटात काय दिसले असेल? त्यात मोगॅम्बोचे हस्तक गरिबाच्या धान्यात भेसळ करतात. हा तालुका पर्जन्यछायेतला. १९७२च्या दुष्काळात इथल्या आयाबायांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. खडी फोडून मिळवलेल्या धान्यात पुन्हा खडेच निघाले तर कसे वाटते, हे या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको. शिवाय नायक कसा, तर भाड्याच्या घरात अनाथ पोरांचा सांभाळ करणारा, वाण्याची उधारी थकलेला. म्हणजे हे चित्र अगदीच खोटे नाही. आणि तरीही लोकांनी जीव लावला तो त्या नायकाला नाही.

एक प्रसंग सांगतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या वस्तीतल्या पोराने मोगॅम्बो केला. सुतळीचा पिवळा टोप, सोनेरी कागदाची पदके, बसायला मुख्याध्यापकांची खुर्ची. त्या दिवसापर्यंत गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हते. 'त्या खालच्या आळीतला' एवढीच त्याची ओळख. दुसऱ्या दिवसापासून अख्खा गाव त्याला मोगॅम्बो म्हणू लागला. तोही खूश. या खुशीला हसण्याचा अधिकार मला नाही. ज्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही, तो उंच खुर्चीवर बसून 'मी खूश आहे' असे मोठ्याने सांगतो आणि ते ऐकायला हजार माणसे उभी असतात! आपल्या बापजाद्यांपैकी कुणाला हे सांगण्याची मुभा होती?

खलनायकावरचे प्रेम आपल्या परंपरेत नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त पुराणे उलटी वाचून दाखवली. पुराणांनी पाताळात ढकललेला बळी हाच आपला राजा, हे त्यांनी सांगितले. आणि बळीचे राज्य येवो असे आपल्या बायका त्याआधीपासूनच म्हणत होत्या. मग मोगॅम्बोही असाच एखादा बदनाम केलेला बळी समजावा काय? मला तसे वाटत नाही. बळीला प्रजा होती, जमीन होती, आणि ती त्याच्याकडून कपटाने घेतली गेली. मोगॅम्बोला प्रजा नाही. त्याच्याकडे एक बेट आहे आणि क्षेपणास्त्रे आहेत. त्याला जात नाही, सोयरे नाहीत, सातबारा नाही. त्याचे नाव आफ्रिकेतले वाटावे असे (१९५३ साली याच नावाचा एक हॉलिवूडपट येऊन गेला होता, तो आफ्रिकेतलाच), केस गोऱ्या साहेबाचे आणि अंगावर जरीचा लष्करी कोट. हा कोट शिवला माधव अगस्ती या मराठी माणसाने. त्यांच्या हातचे कपडे पुढे अनेक राजकीय पुढाऱ्यांनीही वापरले, ही गंमत वाचकांनी लक्षात ठेवावी.

हा निनावी, बेगावी जुलमी ज्या नटाने उभा केला, त्या अमरीश पुरींनी बारा वर्षे आधी एक वेगळा जुलमी उभा केला होता. १९७५चा 'निशांत'. दिग्दर्शक श्याम बेनेगल, लेखक विजय तेंडुलकर. स्वातंत्र्यापूर्वीच्या तेलंगणातले गाव, आणि पुरी त्या गावच्या जमीनदार घराण्यातले थोरले. त्यांचे भाऊ शाळामास्तरची बायको उचलून नेतात. मास्तर पोलिसाकडे जातो, कलेक्टरकडे जातो. कुणी काही करीत नाही. नट तोच, आवाज तोच, डोळेही तेच. कामगार विमा महामंडळात कित्येक वर्षे कारकुनी केलेल्या या माणसाला हाताखालचे आणि वरचे कसे बोलतात याची जाण असणारच. पण 'निशांत'मधल्या जमीनदाराचे सोंग स्नेहसंमेलनात कुणी आणीत नाही, त्याचे बोल बाजारात कुणी बोलत नाही. कारण त्याचा पत्ता ठाऊक आहे. त्याची नक्कल केली तर उद्या शेतावर कामाला कुणाच्या जायचे?

ज्याचा पत्ता नाही त्याच्यावर प्रेम करणे सोपे आणि त्याचा नायनाट पाहणेही सोपे. चित्रपटाच्या शेवटी त्याचे बेट उडते आणि आपण टाळ्या वाजवून घरी येतो. घर असते त्याच गावात.

अदृश्यतेचेही असेच. एच. जी. वेल्सच्या १८९७च्या कादंबरीत अदृश्य झालेला माणूस सत्तेने पिसाट होतो. आपल्या चित्रपटात तो देशभक्त होतो. पण या दोघांनाही अदृश्यता ही शक्ती वाटते. राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय लेखकाने १९५२ साली याच नावाची कादंबरी लिहिली, तिचा नायक अदृश्य आहे तो इतरांनी त्याला पाहायचे नाकारले म्हणून. हे आपल्याला लगेच कळते. पेशवाईत अस्पृश्याची सावलीसुद्धा टाळली जात होती, पुण्यात त्याने पाऊलखुणा पुसायला कमरेला झाडू बांधावा असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदनिर्मूलना'वरच्या भाषणात नोंदवले आहे. आपल्याला अदृश्य व्हायला यंत्र लागले नाही. चित्रपटातला नायक फक्त लाल प्रकाशात दिसतो (आमच्या डाव्या मित्रांनी यावरून फार हुरळून जाऊ नये), आणि शेवटी यंत्र हरवल्यावर, सर्वांना दिसत असतानाच, मोगॅम्बोशी भिडतो. लेखकांनी या अर्थाने ते लिहिले असेल असे मी म्हणत नाही. मला ते तसे दिसले.

कर्जतच्या शेजारी जामखेड तालुका, त्यात खर्डा. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे बारावीच्या वयाच्या एका दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कागदावर खलनायक उरलाच नाही. पोरगा गेला तो गेला.

मोगॅम्बोच्या दरबारातले एक दृश्य मला नेहमी अस्वस्थ करते. तो आपल्याच माणसांना तेजाबाच्या कुंडात उडी मारायला सांगतो आणि ती मारतात. क्षणभरही विचार करीत नाहीत. थिएटरात या दृश्याला हशा मिळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो या दृश्याशेजारी ठेवून पाहावा. आणि मग जयंतीच्या फलकावर पुढाऱ्याचा फोटो केवढा आणि बाबासाहेबांचा केवढा, तेही मोजावे. आमच्या चळवळीतही उंच खुर्च्या आहेत. आमच्या नेत्यांना काय केले की खूश वाटते, हे कार्यकर्त्याला तोंडपाठ असते.

मध्यंतरी एका वसतिगृहात आम्ही दोन रात्री हे दोन्ही चित्रपट दाखवले. पहिल्या रात्री पोरांनी मोगॅम्बोबरोबर आरोळ्या ठोकल्या. दुसऱ्या रात्री 'निशांत'ला कुणी बोलेना. मध्येच दोघे उठून गेले, मला वाटले कंटाळली. सकाळी त्यातला एकजण आला. म्हणाला, "सर, त्या पिक्चरातला वाडा आमच्या गावात आहे." मी म्हणालो, अरे तो तेलंगणातला आहे. त्याने मान हलवली. "मग कालच्या मोगॅम्बोचे गाव कोणते?" असे त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आंघोळीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.