वेदनेचे मोल आणि सरकारचे येणे : अमेरिकन नुकसानभरपाईतील परतफेडीच्या कलमाची चिकित्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघसरकारच्या नोकरास काम करीत असता इजा झाली, तर १९१६ च्या अधिनियमान्वये त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून होते. औषधोपचाराचा सर्व खर्च आणि बुडालेल्या वेतनाचा दोन-तृतीयांश, कुटुंब अवलंबून असल्यास तीन-चतुर्थांश, एवढे त्याच्या पदरात पडते. त्याच्या बदल्यात सरकारवर दावा लावण्याचा हक्क त्याला राहत नाही. सोसलेल्या वेदना, गेलेली झोप, हिरावलेले जीवनसुख यांबद्दल हा अधिनियम काहीही देत नाही. संपूर्ण हात गमावणाऱ्यास ३१२ आठवड्यांची ठराविक भरपाई मिळते हे खरे. तथापि ते अवयवाचे मोल होय, यातनेचे नव्हे.

ही इजा सरकारबाहेरच्या तिऱ्हाइताच्या हयगयीने झाली, म्हणजे टपाल वाटणाऱ्या शिपायास खाजगी मालमोटारीने उडविले, तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. शिपाई मोटारवाल्यावर दावा लावू शकतो. किंबहुना श्रमखाते त्याला तसा दावा लावण्यास किंवा आपला हक्क सरकारच्या नावे करून देण्यास भाग पाडू शकते, आणि त्याने नकार दिल्यास त्याची भरपाई बंद होते. दाव्यातून वा तडजोडीतून रक्कम हाती आली की तीतून दाव्याचा खर्च व वकिलाची वाजवी फी वजा करून सरकारने दिलेली भरपाई परत करावी, आणि जे उरेल ते त्याच इजेबद्दल पुढे मिळणाऱ्या भरपाईत वळते करावे, असा नियम आहे. खर्च वजा जाता राहिलेल्या रकमेचा किमान एक-पंचमांश मात्र जखमी नोकराकडे राहतो, आणि परतफेडीच्या प्रमाणात वकिलाच्या फीचा भार सरकार उचलते.

समजा, तडजोड ६०,००० डॉलरांची झाली, फी २०,००० व खर्च ५,००० डॉलर आला. राहिले ३५,०००, त्यांचा पंचमांश ७,००० बाजूला काढला की उरतात २८,०००. सरकारने आजवर २४,००० दिले असतील, तर तेवढी रक्कम परतफेडीस पात्र ठरते. पण फी एकूण रकमेच्या एक-तृतीयांश असल्याने सरकारच्या वाट्याचे ८,००० सोडून प्रत्यक्ष १६,०००च भरावे लागतात. उरलेले ४,००० पुढील भरपाईपोटी जमा धरले जातात, म्हणजे तेवढी भरपाई साचेपर्यंत खाते काही देत नाही. या हिशेबात औदार्य दिसते खरे. पण पंचमांशामागे करुणेपेक्षा व्यवहार अधिक आहे. दाव्याची सगळीच फळे सरकारकडे जाणार असतील, तर दाव्याचे श्रम कोण घेईल?

या हिशेबात एक प्रश्न कोठेच विचारला जात नाही. तिऱ्हाइताने दिलेली रक्कम कशाबद्दलची आहे, हा तो प्रश्न होय. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे (अहवाल खंड ४६७, पृष्ठ १६७) तो नेमका उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातील एका संघीय नोकरास मोटार-अपघातात इजा झाली; उपचार व वेतन यांपोटी सरकारने सुमारे १,९७० डॉलर दिले. त्या राज्याच्या तत्कालीन दोषनिरपेक्ष विमा कायद्यामुळे दोषी चालकाकडून आर्थिक नुकसान मागता येत नव्हते, केवळ वेदनादिकांचीच भरपाई मागता येत होती. अशी ८,५०० डॉलरांची तडजोड झाली आणि सरकारने आपले पैसे मागितले. अपील न्यायालयाने नोकराच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फिरविला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या मते कलमात नुकसानीच्या प्रकारांत भेद केलेला नाही. परिणाम अन्यायाचा वाटत असल्यास उपाय काँग्रेसने योजावा.

कलमाच्या शब्दांपुरता हा निर्णय बिनचूक आहे. टीकेस जागा आहे ती कलमाच्या समर्थनात. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळू नये, हे परतफेडीचे नेहमीचे समर्थन येथे लागूच पडत नाही. सरकारने वेतन दिले, चालकाने वेदनेचे मोल दिले, दोनदा काहीच मिळाले नाही. मग उरते दुसरे समर्थन, सरकारचा बोजा हलका करण्याचे. पण बोजा दोषी माणसावर टाकणे वेगळे आणि जखमी माणसाच्या यातनेच्या पैशातून तो भागविणे वेगळे. पेनसिल्व्हेनियाच्या खटल्यात दुसरे घडले.

यावर असे म्हटले जाईल की नुकसानीच्या बाबी वेगळ्या काढण्याची मुभा दिली, तर तडजोड करणारे दोन्ही पक्ष संगनमताने सारी रक्कम वेदनेच्या खाती टाकतील. ही भीती निराधार नाही; पण अपरिहार्यही नाही. गरिबांच्या वैद्यकीय साहाय्य योजनेबाबत २००६ साली आर्कान्सा राज्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एकमताने ठरविले की राज्याचा हक्क तडजोडीतील वैद्यकीय खर्चाच्या भागापुरताच चालतो. तेथे तडजोड ५,५०,००० डॉलरांची होती, राज्याने २,१५,००० डॉलरांहून अधिक खर्च केला होता, आणि त्याला मिळाले अवघे ३५,५८१. संगनमताची शंका राज्याची संमती घेऊन वा न्यायालयाकडून वाटणी करवून टाळता येईल, असेही तेथे सुचविले गेले. दोन्ही कायद्यांचे शब्द भिन्न असल्याने १९८४ च्या निर्णयास त्यामुळे बाध येत नाही. वाटणी अशक्य आहे, या सबबीस मात्र येतो. शिवाय खुद्द श्रमखात्याचे नियम मोडलेल्या वाहनाची किंमत व जोडीदाराच्या साहचर्यहानीचा हिस्सा एकूण रकमेतून आधीच वगळतात. पत्नीच्या दुःखाचा हिस्सा वेगळा काढता येतो आणि पतीच्या वेदनेचा येत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही.

भारतातील १९२३ च्या अधिनियमाच्या १३ व्या कलमाने वेगळी दिशा धरली होती. भरपाई देणाऱ्या मालकास ती दोषी तिऱ्हाइताकडून भरून घेण्याचा हक्क त्यात होता. येणे निघत होते ते दोषी माणसाकडे, कामगाराच्या हातातील पैशाकडे नव्हे.

अमेरिकन कलमात दुरुस्ती करावयाची तर ती केवळ परतफेडीपुरती करून भागणार नाही. उरलेली रक्कम भावी भरपाईत वळती करण्याची तरतूदही तितकीच, किंवा दीर्घकाळ अपंग राहणाऱ्याच्या बाबतीत अधिकच, जाचक आहे; कारण तेथे वेदनेपोटी मिळालेला पैसा महिनोन्‌महिने वेतनाच्या जागी खर्ची पडतो. ‘सरकारने ज्या प्रकारच्या नुकसानीची भरपाई दिली त्या प्रकारापुरती’ ही मर्यादा दोन्ही तरतुदींस घालावी लागेल.